पूर्ण पत्त्यासह

जुन्या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकांची स्कॅन केलेली पानं रात्री उशिरा चाळत बसायची मला सवय आहे. त्या दिवशी ‘अमेझिंग स्टोरीज’चा विसाच्या दशकातला एक अंक उघडला होता, तो कथा वाचायची म्हणूनच. पण कथा बाजूला राहिली आणि मी मागच्या वाचकांच्या पत्रांत अडकले. बारीक टायपात, दाटीवाटीनं छापलेली पत्रं. कुणी लेखकाच्या यानाचा वेग चुकीचा काढून दाखवतोय, कुणाला मुखपृष्ठ फार भडक वाटतंय, कुणाला मासिक महिन्यातून दोनदा हवंय. आणि प्रत्येक पत्राखाली लिहिणाऱ्याचं नाव, नावाखाली अख्खा पत्ता. घर नंबर, रस्ता, गाव, राज्य. पत्रांच्या भाषेवरूनच कळत होतं की यातली कितीतरी मुलं शाळकरी आहेत. मी अंक मिटला, दिवा घालवला, पण ते पत्ते काही डोक्यातून जाईनात. आज आपण आपल्या मुलाचा पत्ता असा छापू देऊ का? मुळीच नाही. तरीही त्या पानाकडे बघताना काळजी वाटली नाही, हेवा वाटला. हेवा कसला, हे कळायला मला थोडे दिवस लागले.

हे मासिक ह्यूगो गर्न्सबॅकनं एप्रिल १९२६ मध्ये काढलं. मूळचा लक्झेंबर्गचा हा माणूस अमेरिकेत रेडिओचे सुटे भाग विकायचा, हौशी रेडिओवाल्यांसाठी मासिकं काढायचा. घरातल्या माळ्यावर तारा जोडून रात्री अनोळखी माणसाचा आवाज पकडायचा, तो कोण, कुठला, हे विचारायचं, हा त्या हौशी मंडळींचा उद्योग. गर्न्सबॅकला ती जात चांगली ओळखीची होती. कथांच्या मासिकात पत्ते छापताना त्याच्या मनात हेच असावं असा आपला माझा अंदाज. कारण काहीही असो, परिणाम मात्र समोर आहे. एका गावातल्या मुलानं अंक उघडला, पत्रं वाचली आणि त्याला दिसलं की आपल्यासारखाच एक वेडा चार रस्ते पलीकडे राहतो. पंचवीस सेंटचा अंक, मंदीचे दिवस, घरच्यांच्या लेखी सगळा कचरा, आणि वर फ्रँक आर. पॉलची लाल-पिवळी मुखपृष्ठं, अक्राळविक्राळ यंत्रं, उडती शहरं. असा अंक घेऊन ट्रॅममध्ये बसायची चोरी. त्या मुलाला आता एक पत्ता मिळाला होता.

मी ज्या तालुक्याच्या गावात वाढले, तिथल्या वाचनालयात पुस्तकाच्या मागच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. पुस्तक नेलं की तारीख आणि सभासद क्रमांक तिच्यावर पडायचा. विज्ञानकथांचं कपाट म्हणजे कपाटाचा खालचा एक कप्पा, त्यातही अनुवादच जास्त. मी आठवी-नववीत असताना तो कप्पा खाली करत आणला, तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर माझ्या आधी एकच क्रमांक आहे. कुणीतरी माझ्या दोन-तीन महिने पुढे, त्याच वाटेनं चाललं होतं. मी ग्रंथपालकाकांना विचारलं, हे कोण आहेत हो? काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “असं सांगता येत नाही बाळ.” त्यांचं बरोबरच होतं. पण मला अजूनही वाटतं, त्या माणसाशी माझं कितीतरी बोलणं व्हायचं राहिलं. काळाच्या प्रवासाबद्दल माझ्या डोक्यात तेव्हा एवढे प्रश्न होते आणि घरात ते ऐकून घ्यायला आजीशिवाय कुणी नव्हतं. आजीला प्रत्येक गोष्टीत शेवटी लग्न होतं का, एवढंच विचारायचं असे.

अमेरिकेतल्या त्या मुलांना क्रमांकाऐवजी पत्ता मिळाला, आणि त्यांनी लगेच कागद काढले. आधी एकमेकांना पत्रं, मग पत्रमित्रांची मंडळं, मग मंडळांची स्वतःची मासिकं. मे १९३० मध्ये ‘द कॉमेट’ निघालं, रेमंड पामरनं संपादन केलेलं. अशा चाहत्यांच्या नियतकालिकांत हे सर्वांत पहिलं धरतात. छापखाना परवडण्यासारखा नव्हता, म्हणून बऱ्याच जणांनी हेक्टोग्राफ वापरला. एका पसरट ताटात जिलेटिन आणि ग्लिसरिनचा थर ओतून गोठवायचा. खास जांभळ्या शाईनं लिहिलेला कागद त्यावर पालथा घालून दाबून ठेवायचा, म्हणजे शाई थरात उतरते. मग कोरा कागद ठेवायचा, तळव्यानं हलकेच फिरवायचा, एका कोपऱ्याला धरून सावकाश उचलायचा. पुन्हा दुसरा. प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीपेक्षा जरा फिकट, पन्नासेक प्रती झाल्या की अक्षरं दिसेनाशी. आणि बोटं जांभळी. आमच्या शाळेत सायक्लोस्टाईलचे पेपर असायचे, त्यांचा तो तेलकट, ओलसर वास मला आठवतो. तरी ते यंत्र होतं. इथे एकेक पान हातानं उचललेलं. पन्नास माणसांसाठी रात्र रात्र जागून कुणी हे का करेल? कारण ते पन्नास जण कोण आहेत, कुठल्या रस्त्यावर राहतात, हे त्याला तोंडपाठ होतं.

मग भेटायची वेळ आली.

ऑक्टोबर १९३६. न्यूयॉर्कहून सहा-सात जण आगगाडीनं फिलाडेल्फियाला गेले. जेमतेम दीडशे किलोमीटरचा प्रवास, पण मंदीत तिकिटाचे पैसे जमवणं हेच मोठं काम. डोनाल्ड वॉल्हाइम बावीस वर्षांचा, म्हणजे मंडळींत वडीलधारा. फ्रेडरिक पोल सोळा वर्षांचा. जॉन मिशेल, डेव्हिड काइल, विल्यम सायकोरा. ही सायकोरा-वॉल्हाइम जोडी लक्षात ठेवा, एकाच गाडीतून निघाली होती. फिलाडेल्फियात मिल्टन रॉथमन नावाच्या मुलाच्या घरी तितकेच जण वाट बघत होते. काही तास गप्पा झाल्या, बस. पण जमलेल्यांनी ठरवून टाकलं की हे संमेलन आहे, विज्ञानकथेचं पहिलं संमेलन, आणि रीतसर अध्यक्ष-सचिव नेमून टाकले. सचिव सोळा वर्षांचा पोल. मला हा प्रसंग फार आवडतो. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत डझनभर पोरं बसली आहेत, बाहेर रोजचा रस्ता वाहतोय, आणि आत एक जण गंभीरपणे कागदावर तारीख घालून लिहून घेतोय, कारण आज इतिहास घडतोय याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. आणि तो खरंच घडत होता! यजमान रॉथमन पुढे अणुभौतिकशास्त्रज्ञ झाला.

इंग्लंडमधली मंडळी हा मान सोडायला तयार नाहीत. ३ जानेवारी १९३७, रविवार, लीड्स शहरातलं थिऑसॉफिकल सोसायटीचं सभागृह. लंडन, लिव्हरपूल, नॉटिंगहॅम अशा ठिकाणांहून आलेले धरून वीसेक जण असतील-नसतील. एरिक फ्रँक रसेल होता, टेड कार्नेल होता, वॉल्टर गिलिंग्ज होता, आणि नुकतीच एकोणीस पूर्ण केलेला, पुढे मोठा विज्ञानकथालेखक झालेला आर्थर क्लार्क. त्यांचं म्हणणं असं की फिलाडेल्फियात झाली ती घरगुती भेट. आधी जाहीर करून, जागा घेऊन, भाषणं ठेवून झालेलं पहिलं संमेलन आमचं. हा वाद आजही चालू आहे. तारखेनं बघाल तर फिलाडेल्फिया पुढे, तयारीनं बघाल तर लीड्स. मला विचाराल तर मी लीड्सच्या बाजूची. भाड्याची खोली घेण्यात एक विश्वास आहे, की आपण बोलावलं तर लोक येतील. जानेवारीच्या थंडीत, सुट्टीच्या एका दिवसासाठी, न पाहिलेल्या माणसांच्या भरवशावर गाडीत बसणं ही काही लहान गोष्ट नाही. त्या रविवारी त्यांनी ब्रिटनमधल्या चाहत्यांची एक संघटनाही उभी केली. नॉटिंगहॅम, लंडन, लिव्हरपूलची अक्षरं ओळखीची, हस्ताक्षरावरून ओळख पटायची. पण कुणाचा आवाज कसा आहे, कोण तोतरं बोलतं, कोण हसताना टेबलावर थाप मारतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल.

पुढची मोठी जमवाजमव १९३९ ची. न्यूयॉर्कला तेव्हा ‘उद्याचं जग’ असा डंका पिटत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. चाहत्यांनी तेच निमित्त धरून २ जुलैपासून पहिलं जागतिक संमेलन ठेवलं, पूर्व ५९व्या रस्त्यावरच्या कॅरॅव्हॅन हॉलमध्ये. लोक आले दोनशेच्या घरात. प्रमुख पाहुणा एखादा लेखक असेल असं वाटतं ना? त्यांनी बोलावलं चित्रकार फ्रँक पॉलला. ज्या मुखपृष्ठांपायी त्यांनी घरच्यांची बोलणी खाल्ली, ती काढणारा माणूस. हा निर्णय इतका मनापासूनचा आहे की वाचताना मला भरून येतं. लॉस एंजेलिसहून अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी, पुढे नामवंत लेखक झालेला, बसनं अख्खा देश ओलांडून आला होता, मित्राकडून उसने पैसे घेऊन. जवळ स्वतःचं दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण दुसऱ्या एका मित्राची, हॅनेस बोकची चित्रं मात्र त्यानं जपून आणली होती. ती त्यानं ‘विअर्ड टेल्स’ मासिकाच्या संपादकांना दाखवली आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अंकावर बोकचं मुखपृष्ठ झळकलं. उसन्या पैशांनी प्रवास करून दुसऱ्याची चित्रं खपवणारा मुलगा!

ब्रॅडबरीला पैसे देणारा तो मित्र फॉरेस्ट ॲकरमन. त्याचा एक फोटो बराच फिरतो: खांद्यावरून सोडलेला झगा, भविष्यातल्या माणसाचा पोशाख घालून तो संमेलनात उभा आहे. पण तो पोशाख आणि स्वतःचाही शिवला होता मर्टल डग्लसनं, आणि तीही तसाच पोशाख घालून तिथे वावरत होती. मंडळी तिला मोरोजो म्हणत. एस्पेरांटो या मुद्दाम घडवलेल्या भाषेतली तिच्या नावाची आद्याक्षरं. पॉलच्या चित्रांतले कपडे खरे कापड घेऊन बेतायचे, म्हणजे चित्रात कुठेही न दिसणारी शिवण कुठे घ्यायची, बंद कुठे द्यायचा, झगा चालताना पायात येणार नाही इतकाच कसा ठेवायचा, हे सगळं तिनं ठरवलं असणार. माझी आई शिवणाची कामं घ्यायची, म्हणून मला हे दिसतं. आज जगभर लाखो तरुण मुलंमुली आवडत्या पात्रांचे पोशाख शिवून संमेलनांना जातात. त्या सगळ्याच्या मुळाशी पस्तिशीच्या या बाईची कात्री आहे. तिनं चाहत्यांची मासिकं काढली, टाइप केली, चालवली. ब्रॅडबरीची अगदी पहिली कथा १९३८ मध्ये छापून आली ती ‘इमॅजिनेशन’मध्ये, ज्याच्यासाठी मर्टल आणि ॲकरमन राबायचे. तिचं नाव मात्र फोटोखाली बहुतेकदा दुसरं येतं, किंवा येतच नाही. याचा मला राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

आता त्याच सभागृहाच्या दाराशी काय चाललं होतं ते.

संयोजक तिघं होते. न्यूअर्कचा सॅम मॉस्कोविट्झ, दोन दिवसांपूर्वीच एकोणीस पूर्ण झालेला. जेम्स टॉरासी. आणि आपला आगगाडीतला विल्यम सायकोरा. समोर वॉल्हाइमचा ‘फ्यूचरियन’ गट. वॉल्हाइम-मिशेल वगैरेंचं म्हणणं की नुसत्या कथा वाचून काय उपयोग, जगात फॅसिझम माजलाय, विज्ञानकथेच्या वाचकानं राजकीय बाजू घ्यायला हवी, डावी. मिशेलच्या नावानं १९३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या संमेलनात तसा ठरावही आला होता आणि तो आपटला. समोरच्यांना ही ब्याद वाटत होती. संमेलनाच्या दिवशी मॉस्कोविट्झला खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमागे पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा सापडला. ‘सावधान!’ अशा मथळ्याचं, संयोजकांच्या हुकूमशाहीबद्दल बजावणारं पत्रक. झालं. दाराशी फ्यूचरियनांना अडवलं गेलं, गडबड करणार नाही असं वचन द्या म्हणाले. त्यांनी ते दिलं नाही. वॉल्हाइम, पोल, मिशेल, रॉबर्ट लाउंड्स, जॅक गिलेस्पी आणि पंधरा-सोळा वर्षांचा सिरिल कॉर्नब्लूथ असे सहा जण बाहेर राहिले. ती पत्रकं त्यांची नव्हतीच. ती छापून आणली होती डेव्हिड काइलनं, आपल्या बुद्धीनं, आणि काइल आत बसला होता. आयझॅक असिमोव्हही त्याच गटातला, पण त्याच्या कथा नुकत्याच छापून येऊ लागल्या होत्या, लेखक म्हणून तो आत गेला. बाहेरच्यांनी दोन दिवसांनी ब्रुकलिनमध्ये स्वतःची वेगळी सभा भरवली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सहा जणांची बाजू घ्यावीशी वाटली. दाराबाहेर उभं राहिलेल्याची बाजू आपण आपोआप घेतो. नंतर पोलच्या आठवणी वाचल्या. त्यानं मोकळेपणी लिहिलंय की आम्ही स्वतःला इतरांपेक्षा शहाणे समजायचो आणि ते लपवायचोही नाही. मग मॉस्कोविट्झचा विचार आला. एकोणीस वर्षांचा मुलगा, खिशात दमडी नाही, दोनशे माणसं बोलावून बसलाय, आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट आज आहे आणि ती कुणीतरी उधळून लावेल या भीतीनं त्याला रात्रभर झोप नसेल. त्यानं चूकच केली असं मी आजही म्हणेन. ज्यांनी पत्त्यावरून एकमेकांना शोधलं, त्यांनी पहिल्या मोठ्या भेटीतच कुणाला तरी घरचा रस्ता दाखवावा, हे मनाला लागतं. पण यात द्वेषापेक्षा दुसरं काहीतरी जास्त आहे. वर्षानुवर्षं एकटं राहिलेल्या माणसाला घर मिळालं की तो त्या घराला फार जपतो, इतकं की खिडक्यासुद्धा लावून घेतो. दोन्ही बाजूंची मुलं तशीच होती. एकाच गोष्टीवर जीव होता म्हणून तर भांडण एवढं कडाक्याचं झालं. ज्याला पर्वा नाही तो कशाला रेडिएटरमागे पत्रकं दडवेल?

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, लेखक नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णु नारळीकर होते. आद्याक्षरं उलटी फिरवलेली, अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात. नावामुळे बक्षीस मिळालं असं व्हायला नको म्हणून जगप्रसिद्ध माणूस स्वतःला लपवतो, हे किती मोठेपणाचं! मराठी विज्ञानकथेला असे शास्त्रज्ञ लेखक लाभले, परिषद लाभली, ‘नवल’सारखी मासिकं आणि दिवाळी अंक लाभले. लेखकाला वाचक मिळाला. वाचकाला वाचक मात्र फारसा मिळाला नाही, असं मला वाटतं. निदान आमच्या गावात तरी तो चिठ्ठीवरचा क्रमांकच राहिला. अमेरिकेतल्या त्या पोरांची भांडणं वाचतानाही हेवा का वाटतो, तर भांडायला समोर कुणीतरी होतं म्हणून.

आणि भांडणाऱ्यांनी पुढे काय केलं ते तर बघा. युद्धामुळे लॉस एंजेलिसचं १९४२ चं संमेलन १९४६ वर गेलं. युद्ध संपल्यावर अमेरिकन चाहत्यांनी वर्गणी जमवली आणि टेड कार्नेलला, लीड्सच्या त्या खोलीतल्या कार्नेलला, १९४९ च्या सिनसिनाटी संमेलनासाठी अटलांटिक पार करून आणलं. १९५२ मध्ये बेलफास्टच्या वॉल्ट विलिसला शिकागोला आणलं, तेही वर्गणीतून. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याचं लेखन वाचलं होतं, एवढ्यावर पैसे जमले. यातूनच पुढे दर वर्षी समुद्रापलीकडच्या एका चाहत्याला इकडून तिकडे पाठवणारा कायमचा निधी उभा राहिला. दाराबाहेर राहिलेल्या सहांपैकी वॉल्हाइम आणि पोल अमेरिकन विज्ञानकथेचे मातब्बर संपादक झाले. मॉस्कोविट्झनं या सगळ्या काळाचा पहिला मोठा इतिहास लिहिला, अर्थातच दाराच्या आतल्या बाजूनं. वॉल्हाइम-पोल गटाची हकिगत त्या गटातल्यांनी लिहिली. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

१९५६ मध्ये जागतिक संमेलन पुन्हा न्यूयॉर्कला आलं. प्रमुख पाहुणा आर्थर क्लार्क. संमेलनाचा अध्यक्ष डेव्हिड काइल, पिवळ्या पत्रकांवाला. मेजवानीचं तिकीट परवडेना म्हणून काही चाहते नुसती भाषणं ऐकायला सज्ज्यात येऊन बसले, तर आगीच्या नियमांमुळे त्यांना उठवावं लागलं. निरोप गेला तो काइलच्या नावानं: डेव्ह काइल म्हणतो, इथे बसता येणार नाही. ते वाक्य चाहत्यांनी उचललं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं कुठल्याही संमेलनात कुठेही खुर्ची कमी पडली की कुणीतरी ते काइललाच ऐकवायचं. काइल सत्त्याण्णव वर्षं जगला, २०१६ मध्ये गेला. तोवर संमेलनांना जायचं त्यानं सोडलं नव्हतं.